कंपनी गेली, जागा कोणाची?

पहाटे साडेपाचला आमच्या चिंचवडच्या चौकात कंपन्यांच्या बस लागतात. काचेवर पाटी असते: चाकण, तळेगाव, रांजणगाव. पोरं कानात इयरफोन घालून चढतात आणि बस हलायच्या आत झोपी जातात. शिफ्ट सातची. माझ्या वडिलांचीही शिफ्ट सातचीच असायची, पण ते सहा चाळीसला सायकल काढायचे आणि कार्ड पंच करण्याआधी गेटवर अर्धा कपही घ्यायचे. ती कंपनी आता नाही. तिच्या नावाचा बसथांबा तेवढा उरलाय. कंडक्टर अजून तेच नाव पुकारतो, आणि उतरणाऱ्या निम्म्या लोकांना ते कशाचं नाव आहे हे ठाऊक नसतं.

उद्योग कुठून कुठे सरकला हे मला नकाशापेक्षा या बसच्या वेळेवरून जास्त कळतं. म्हणूनच 'आपला प्रकल्प पळवला' ही ओरड सुरू झाली की मला कंटाळा येतो. २०२२ मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर चिपचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातेत धोलेऱ्याला जाणार म्हटल्यावर केवढं रान उठलं! आंदोलनं झाली, पत्रकार परिषदा झाल्या, कोणाच्या काळात काय ठरलं याची उणीदुणी निघाली. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्या भागीदारीतून अंगच काढून घेतलं. जो कारखाना कुठेच उभा राहिला नाही, त्याच्यासाठी आपण वर्षभर भांडलो. आणि त्याच वर्षात आमच्या पंचक्रोशीतल्या बंद कंपन्यांच्या जागांवर किती टॉवर चढले, ते मोजायला कोणी गेलं नाही.

उद्योग एका जागी कधीच थांबलेला नाही. ज्या मुंबईला आपण कापडाची राजधानी म्हणत आलो, तिथे कापूस कधी पिकतच नव्हता. कापूस खानदेश-वऱ्हाडचा आणि गुजरातचा, यंत्रं लँकेशायरची, सुरुवातीचा कोळसाही जहाजाने आलेला. कावसजी दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली आणि दोनेक वर्षांत ताडदेवला गिरणीचा भोंगा वाजायला लागला, त्यामागे बंदर होतं, नुकतीच सुरू झालेली रेल्वे होती, कापसाच्या आणि अफूच्या व्यापारात मिळवलेला पैसा होता, आणि सूत तुटू न देणारी दमट हवा होती. माणसं कोकणातून आणि घाटावरून आली. जमशेदजी टाटांनी उलटा विचार केला. चिंचपोकळीतली आपली गिरणी विकून ते कापसाच्या दारात, नागपूरला गेले, आणि १८७७ च्या पहिल्या जानेवारीला एम्प्रेस मिल सुरू केली. जागा निवडण्याचं दोघांचं गणित निराळं होतं, पण शेवट एकच झाला. एम्प्रेस मिल २००२ मध्ये कायमची बंद पडली आणि आज त्या जागी मॉल आहे.

साखरेचं गणित मात्र तिसरंच. तोडलेला ऊस दिवसागणिक वाळतो, त्यातली साखर उतरते, आणि टनभर उसातून हाती येते शंभर-सव्वाशे किलो. एवढं वजन लांब नेणं परवडतच नाही, म्हणून कारखान्यालाच उसाकडे जावं लागतं. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला १९५० साली सहकारी कारखाना उभा केला, तेव्हा हे नैसर्गिक बंधन शेतकऱ्यांच्या बाजूने वळवलं. जाता जाता सांगतो, आपली भाषाही हा भूगोल नेमका ओळखते. परळमधला माणूस 'गिरणीत' असायचा, पिंपरीतला 'कंपनीत' असतो, इचलकरंजीतला 'मागावर' आणि कोल्हापुरातला 'फौंड्रीत'. आणि सांगली-साताऱ्याकडे कोणी नुसतं 'कारखाना' म्हणालं, तर तो साखरेचा, पुढे विचारायचं काही कारण नाही. या सगळ्यांत पळवून नेता येणार नाही असा हा एकच.

बाकीच्यांना जायला निमित्त पुरतं. १९१५ पासून खोपोलीची जलविद्युत मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. कोळशाच्या धुरातून सुटका झाली म्हणून गिरणीमालकांना आनंद झाला. याच विजेच्या मागणीपायी पुढे मुळशीचं धरण आलं आणि १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांचं पुढे काय झालं ते आपण जाणतो. मालकांच्या ध्यानात एक गोष्ट बहुधा आली नसावी: जी शक्ती तारेतून परळला येते, ती तारेतून कुठेही जाऊ शकते. मोठं बॉयलर, मोठी चिमणी, हजारो माणसं एका छपराखाली, ही सगळी वाफेच्या इंजिनाची गरज होती. वीज आल्यावर एकेक माग सुटा चालू शकला. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्येच यंत्रमाग बसवला होता. तिथला जहागीरदार पाठीशी होता. पुढे गल्लोगल्ली खटखट सुरू झाली, भिवंडीत आणि मालेगावातही.

गिरणगाव संपाने मेलं असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि तो संप रीतसर मागे घेतल्याचं कोणी कधी जाहीरच केलं नाही, हे खरं. पण कापड त्याआधीच निघून चाललं होतं. यंत्रमागाच्या शेडमध्ये दहापेक्षा कमी माणसं दाखवली की कारखाना कायदा लागत नसे. मग एकाच छपराखाली चार नावांनी चार गट. भविष्यनिर्वाह निधी नाही, कायम नोकरी नाही, मजुरी 'पिका'वर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर. संप चालू असताना गिरण्यांचे शिक्के मारलेलं कापड भिवंडीत विणलं जात होतं. म्हणजे गिरणीने माग सोडले, शिक्का ठेवला. आणि शिक्क्यापेक्षा मोलाची आणखी एक गोष्ट ठेवली ती म्हणजे जमीन.

माझा मुद्दा इथे सुरू होतो. कंपनी येते तेव्हा सरकार तिला जमीन देतं, पाणी देतं, रस्ता देतं, वर्षानुवर्षं करमाफी देतं. हे सगळं लोकांचं असतं. कंपनी जाते तेव्हा यंत्रं जातात, ऑर्डरी जातात, नोकऱ्या जातात, पण लोकांनी दिलेली जमीन तिच्याकडेच राहते. मधल्या तीस-चाळीस वर्षांत भोवती शहर वाढलेलं असतं, त्यामुळे तिचा भाव कारखान्याने आयुष्यभर कमावलेल्या नफ्यालाही मागे टाकतो. येण्याच्या अटींवर आपण कागदांचे गठ्ठे लिहितो, जाण्याच्या अटी मात्र कोऱ्याच राहतात. हे असंच चालू राहिलं, तर कारखाना चालवण्यापेक्षा बंद करण्यात जास्त फायदा आहे हे समजायला कोणत्याही मालकाला फार हुशारी लागणार नाही.

मुंबईत एकदा अटी लिहिल्या होत्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ वा नियम सांगत होता की गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे तीन वाटे करा: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. साधा, कोणालाही समजेल असा हिशोब. २००१ मध्ये त्यात बदल झाला, आणि वाटणी सगळ्या जमिनीची न होता फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या तुकड्याची होऊ लागली. शेड पाडून मोकळी होणारी जागा हिशोबातून बाहेर. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरवला. सुमारे सहाशे एकरांतला लोकांचा वाटा एका शब्दाच्या व्याख्येने आक्रसला. घरांसाठी पावणेदोन लाखांच्या आसपास गिरणी कामगारांनी आणि वारसांनी अर्ज केले. मिळालेली घरं त्या आकड्याच्या जवळपासही जात नाहीत. उरलेल्यांना अलीकडे शेलू-वांगणीचा रस्ता दाखवला गेला, म्हणजे कर्जतच्या बाजूला. गिरणी भिवंडीला गेली, आता गिरणी कामगारानेही जावं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो पोकळ नाही. लोक म्हणतात, परळमध्ये आज चिमण्या हव्यात का तुम्हाला? जुनाट यंत्रं, धूर, भर वस्तीत ट्रक? नकोत. मी गिरणगावाच्या आठवणींत लोळणाऱ्यांपैकी नाही. त्रासनखात्यातल्या, म्हणजे सूतकताईच्या खात्यातल्या, कापसाच्या धुळीने ज्यांच्या छातीचा भाता झाला, त्यांच्या घरच्यांना विचारा स्मरणरंजन काय असतं ते. जमिनीचा वापर बदलणारच. प्रश्न एवढाच की बदलातून उपजलेली किंमत कोणी निर्माण केली आणि कोणी नेली.

आता आमच्याकडे या. एका बजाज ऑटोचा प्रवास पाहिला तरी गेल्या साठ वर्षांचं सगळं औद्योगिक धोरण समजतं. साठच्या दशकात आकुर्डी: मुंबई-पुणे रस्ता, लोहमार्ग, स्वस्त माळरान, पवनेचं पाणी. १९८५ मध्ये औरंगाबादजवळ वाळूज: मागास भागात गेलात तर सवलती, असं राज्याचं धोरण होतं. नव्वदचं दशक संपता संपता चाकण, नव्या मोटारसायकलींसाठी नवा कारखाना. आणि २००७ मध्ये उत्तराखंडातलं पंतनगर, कारण केंद्राने तिथे दहा वर्षांची उत्पादनशुल्क माफी दिली होती. त्याच वर्षी आकुर्डीतलं उत्पादन थांबलं. 'हमारा बजाज'चं गाव स्कूटरविना झालं म्हणून आमच्याकडे हळहळ झाली. कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही, तिने सरकारांनी मांडलेल्या पाट्या वाचल्या आणि तशी वाट धरली. सवलतीने आणलेला उद्योग सवलतीपुरता थांबतो, हे खरं तर पाट्या रंगवणाऱ्यांना कळायला हवं होतं.

या गोष्टीचा पुढचा भाग फार कमी लोक सांगतात. २०२२ च्या जूनमध्ये त्याच आकुर्डीत, जिथे मूळची चेतक बनत होती त्याच जागेवर, विजेवर चालणाऱ्या चेतकचा कारखाना सुरू झाला. पंधरा वर्षांनी उद्योग घरी परत आला. का येऊ शकला? पुरवठादार जवळ होते, कारागीर होते, हे आहेच. पण पहिलं कारण असं की जागा शिल्लक होती. तिथे पंधरा वर्षांत मॉल किंवा सहा टॉवर उभे राहिले असते, तर पुढच्या शंभर वर्षांत तिथे एक नटही कोणी आवळला नसता. कारखान्याच्या जागी घर होतं, पण घरांच्या जागी कारखाना कोणी केल्याचं मी ऐकलेलं नाही.

आमच्याकडे या बदलाला एक छान सुटसुटीत नाव आहे: 'आय टू आर'. औद्योगिक पट्ट्याचं निवासीकरण. सातबारा, नकाशा, शुल्क, ठराव, की झालं. ज्या शेतकऱ्यांकडून 'सार्वजनिक हितासाठी' म्हणून जमिनी घेतल्या, त्यांची कथा आणखी निराळी. कामगारांच्या घरांसाठी १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण निघालं, त्यात जमिनी गेलेल्यांनी साडेबारा टक्के जमिनीच्या परताव्यासाठी दोन पिढ्या खेटे घातले. शेतकऱ्याला साडेबारा टक्के द्यायला सरकारला पन्नास वर्षं कमी पडतात. बंद कंपनीच्या जागेचा रंग नकाशावर बदलायला मात्र तेवढं थांबावं लागत नाही.

मग उद्योग धरून ठेवतं तरी काय? कोल्हापूरचे उद्योजक वीजदर वाढले की कर्नाटकात जाण्याचा इशारा देतात. सीमा हाकेच्या अंतरावर, तिथले मंत्री पायघड्या घालून उभे. तरी शिरोली आणि गोकुळ शिरगाव रिकामं झालं नाही. कारण एका फौंड्रीभोवती पॅटर्न बनवणारा असतो, वाळूवाला असतो, कास्टिंग आलं की त्याच दिवशी मशिनिंग करून देणारे दहा जण असतात. मालक एकटा जाऊ शकतो, हा गोतावळा उचलून नेता येत नाही. किर्लोस्करवाडीचंही तसंच. बेळगावात नगरपालिकेला वस्ती वाढवायची होती म्हणून लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखाना हलवावा लागला. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जागा दिली ती कुंडल रोड स्टेशनजवळची, निवडुंगाची आणि सापांची. १९१० मध्ये तिथे कोणता फायदा होता? रेल्वे सोडली तर काहीही नाही. पण आसपासच्या गावांतली पोरं त्या माळावर लोखंड शिकली, आणि एकशे दहा वर्षांनंतरही तिथे पंप बनतात. स्टेशनचं नावही बदलून किर्लोस्करवाडी झालं.

याउलट भिवंडी पाहा. माणकोली, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या गावांत गोदामं उभी राहिली ती मुंबईच्या जकात नाक्याच्या बाहेर म्हणून. २०१७ मध्ये जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, तरी गोदामं वाढतच गेली, कारण आता प्रत्येक राज्यात वेगळा साठा ठेवायची गरज उरली नाही आणि मोठ्या कंपन्यांना मोठ्या जागा हव्या झाल्या. मागवाले शेड भंगारात काढून जागा गोदामाला भाड्याने देऊ लागले. मागावरचा माणूस निदान कापड विणायला शिकत होता. खोकी उचलून ट्रकमध्ये रचणारा पोरगा काय शिकतो? उद्या गोदाम दुसऱ्या महामार्गावर गेलं तर तो हातात काय घेऊन घरी जाईल?

म्हणून माझं म्हणणं असं. राज्याने इतर राज्यांशी करमाफीची बोली लावणं कमी करावं, तो पैसा गोतावळ्यावर लावावा: आयटीआयमधल्या वीस वर्षं जुन्या यंत्रांवर, चाचणी प्रयोगशाळांवर, लहान वर्कशॉपना परवडतील अशा गाळ्यांवर, चाकणजवळ कामगाराला भाड्याने घेता येईल अशा खोल्यांवर. आणि जी कंपनी सवलतीत जमीन घेते, तिच्या करारात जाण्याचं कलम पहिल्या दिवशी लिहावं. बंद झाल्यावर ठरावीक वर्षं ती जागा उद्योगालाच मिळेल. नंतर वापर बदलायचा असेल, तर वाढलेल्या किमतीतला मोठा वाटा त्या गावाकडे जाईल आणि त्यातून तिथेच रोजगाराची जागा बांधली जाईल. आणि 'मोकळी जमीन' म्हणजे काय, याची व्याख्या दहा वर्षांनी कोणाला गुपचूप बदलता येणार नाही अशा शब्दांत लिहावी. उद्योजक घाबरून पळतील, असं म्हणणारे म्हणोत. ज्याला खरोखर पंप किंवा स्कूटर बनवायची आहे, त्याला या कलमाची भीती का वाटावी? ज्याची नजर तीस वर्षांनंतरच्या जमिनीवर आहे, तो नाही आला तर आपलं काय गेलं?

जुन्या मालकांना देणी फेडायला जमीन विकावी लागते, हे मान्य. पिंपरीत पेनिसिलिन बनवण्यासाठी १९५४ मध्ये उभ्या राहिलेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सवरही ती पाळी आली, २०१६ मध्ये केंद्राने जादा जमीन विकून देणी भागवायला परवानगी दिली. कामगाराची थकबाकी त्यातून मिळत असेल तर जरूर विका. मात्र विकलेल्या जागेवर काय उभं राहणार हा प्रश्न मालकाच्या इच्छेवर सोडू नका.

हे सगळं मी फार तावातावाने लिहितोय, तर एक गोष्ट सांगून टाकायला हवी. मी राहतो तो टॉवरही आय टू आर झालेल्या जागेवर आहे. वडिलांची कंपनी याच कंपाउंडच्या आत होती. स्वस्त पडतोय म्हणून फ्लॅट घेतला, तेव्हा मी कसलाही सार्वजनिक प्रश्न विचारला नव्हता.

आमच्या मागच्या भिंतीपलीकडे एक गाळा आहे. ज्यांचा आहे ते काका वडिलांबरोबर कामाला होते. व्हीआरएसच्या, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीच्या, पैशांतून त्यांनी जुना लेथ घेतला, नंतर एक व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन. आता चाकणच्या दोन कंपन्यांचं टर्निंगचं काम करतात. चार पोरं हाताखाली आहेत, चौघंही इथेच शिकलेली. मागच्या महिन्यात गेलो होतो तेव्हा काका व्हर्नियर लावून एक बुशिंग मोजत होते, पायाखाली कूलंटने ओले झालेले धातूचे कुरळे पडले होते, आणि दारात टेम्पो उभा. पूर्वी माल सायकलच्या कॅरिअरवरून जायचा, म्हणाले, आता एका फेरीचं डिझेल काढता काढता एका पोराचा दिवसाचा पगार जातो.

आमच्या सोसायटीच्या गेल्या सभेत त्या गाळ्याच्या आवाजाचा विषय निघाला. निवासी भागात वर्कशॉप चालतंच कसं, असा सगळ्यांचा सूर. मी उठून म्हणालो, की गाळा आपल्या आधीपासून आहे, निवासी भाग आपण झालो. कोणीतरी हसलं. महापालिकेला द्यायच्या अर्जावर एकशे सव्वीस सह्या झाल्या, माझी नाही. काकांना कळलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. आता रात्री साडेअकरापर्यंत चालणारी सेकंड शिफ्ट नऊलाच बंद होते, आणि चौघांतला एक जण गेल्या सोमवारपासून चाकणच्या बसमध्ये दिसतो.